मुके डास

७ जुलै

आजपासून दुपारी झोपायच्या खोलीची तपासणी माझ्याकडे आली आहे.

सकाळी फवारणीवाली येऊन गेली. पाठीवर पंप, पायात गमबूट, आणि दारातून आत यायच्या आधी कुंड्यांखालच्या बशा पालथ्या घालायची सवय. तिनं सांगितलं की पट्टेरी पायांचे डास आपल्या भागात पुन्हा दिसायला लागलेत आणि पलीकडच्या गल्लीत हाडमोड्या तापाचे रुग्णही निघालेत. हे डास दिवसाउजेडी चावतात, म्हणून दुपारी आडवं होतानाही मच्छरदाणी लावा.

मच्छरदाणीचं नाव काढताच आमच्या हिचा चेहरा उतरला. (लग्नाला इतकी वर्षं झाली तरी बायकोचं नाव वहीत लिहायला मला संकोच वाटतो, म्हणून ‘ही’.) गेल्या वर्षी आम्हा दोघांनाही हा ताप येऊन गेला. मी थोडक्यात सुटलो. ही मात्र कितीतरी दिवस दवाखान्यात जाळीखाली पडून होती, आणि तेव्हापासून जाळी दिसली की हिचा श्वास कोंडतो. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, एकदा झाला म्हणून निर्धास्त राहू नका, दुसऱ्यांदा झाला तर तो पहिल्यापेक्षा वाईट निघू शकतो. दुधानं तोंड पोळल्यावर ताकही फुंकून प्यावं लागतं, ते असं.

मी हिला म्हटलं, घाबरतेस कशाला, घरात कान आहे. उभा जन्म मी पियानो जुळवण्यात घालवला. खोलीत एक डास असला तरी तो कुठल्या कोपऱ्यात आहे आणि कुठल्या सुरात गातोय, ते मी सांगेन. रोज दुपारी आधी मी आत जाईन, पंखा बंद करीन, डोळे मिटून ऐकेन. मी ‘स्वच्छ’ म्हटलं की तू ये.

ही हसली. मग ‘बरं’ म्हणाली.

११ जुलै

तपासणीचं हे काम मला फार आवडायला लागलं आहे. पडदे ओढले की खोलीत हिरवट उजेड उरतो. त्यात बसलं की आपण विहिरीच्या तळाशी बसलोय आणि वर कुठेतरी जग चालू आहे असं वाटतं. पंखा थांबतो. भिंती जरा लांब सरकतात. मी ऐकत राहतो, आणि ऐकायला काहीच नसतं.

पट्टेरी पायांची मादी मधल्या सप्तकाच्या वरच्या टोकाला गाते. नर तिच्याहून वर, पण तो बिचारा चावत नाही. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही, पियानोत डोकं घालून बसल्यावर कानाशी येणाऱ्यांनी शिकवलं आहे. आज मादी नाही, नर नाही. खोली धुतलेल्या पाटीसारखी कोरी. ‘स्वच्छ’ अशी हाक दिली तेव्हा ही दारातच उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे, चाहूल लागली नाही.

माझ्या लहानपणी शहरातून डास नाहीसे केले होते. तेव्हाची मोठी माणसं ते युद्ध जिंकल्यासारखं सांगायची. खिडक्या सताड उघड्या टाकून आम्ही झोपायचो. नंतर हिवाळे ऊबदार होत गेले, आणि हे पाहुणे पुन्हा आले, आता जायचं नाव काढत नाहीत.

घोट्यांना खाज सुटते आहे. घामोळं असणार.

१४ जुलै

हिला काय झालंय कळत नाही. एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा झगा आणि पायात मोजे घालून झोपते. वयाबरोबर अंगात थंडी भरते म्हणतात, तशी भरली असेल. शिवाय हल्ली हिच्या अंगाला लिंबासारखा वास येतो. मी म्हटलं, या वयात अत्तर कुणासाठी? तर म्हणाली, तुमच्यासाठीच. आणि मी खोलीत ऐकायला जायच्या आधी मला खुर्चीत बसवून त्याच वासाचं तेल माझ्या पायांना चोळते. लग्न झालं तेव्हाही माझे इतके लाड झाले नव्हते. मी तक्रार करत नाही.

१९ जुलै

शाळेचा पियानो जुळवून आलो. संगीताच्या बाईंनी बसून वाजवून पाहिला आणि वरच्या पट्ट्या चढलेल्या वाटतात म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमच्या जन्माआधीपासून हे करतोय. त्यांनी पुन्हा वाजवलं, माझ्याकडे पाहिलं आणि ‘असेल’ म्हणाल्या. दिवसभर मुलांच्या गोंगाटात उभं राहून बाईंच्या कानाची वाट लागली आहे. तरुण आहेत, वाईट वाटतं. त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

परतताना रस्ता इतका शांत की मी मुद्दाम सावकाश चाललो. सायकली येतात, जातात, पाण्यावरून जाव्या तशा. झाडावर पाखरं चोची उघडतात आणि नुसतीच मिटतात. माझ्या मते हा फवारणीच्या धुराचा गुण आहे. तो हवेत साचतो आणि बारीक आवाज शोषून घेतो. जाड पडद्यांच्या सभागृहात वरचे सूर कसे मरतात ते मला ठाऊक आहे, तसंच हे. कुणी अभ्यास केला तर बरं होईल. पण या शांततेची मला सवय होते आहे, आणि धूर संपला की ती जाईल याचं आत्ताच थोडं वाईट वाटतं.

२७ जुलै

लेकीचा फोन आला. फोन बिघडलाय, तिचा आवाज उशीत तोंड घालून बोलल्यासारखा येतो. मी दोन-तीनदा ‘काय?’ म्हटल्यावर हिनं फोन घेतला आणि स्वयंपाकघरात जाऊन दार लोटलं. बराच वेळ बोलत होत्या. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. कांदा चिरत होते म्हणाली. जेवणात कांदा कुठे दिसला नाही, घालायला विसरली असेल.

हिचा विसरभोळेपणा वाढला आहे. पुढच्या महिन्यात शहरातल्या सभागृहाचा मोठा पियानो जुळवायचं काम माझ्याकडे होतं, पण तिथून निरोप आला म्हणे की फवारणीसाठी सभागृह बंद ठेवलंय, येऊ नका. निरोप कधी आला, कुणी दिला, ते हिला आठवत नाही.

२ ऑगस्ट

आज एक विलक्षण गोष्ट घडली.

दुपारी खोलीत बसून ऐकत होतो. काहीच नाही. ‘स्वच्छ’ म्हणायला तोंड उघडलं आणि सहज डोळेही उघडले, तर हाताच्या पाठीवर एक बसलेली. काळी, पायांवर पांढरे पट्टे, अगदी ठसठशीत. चांगली जेवून उठली आणि माझ्या कानाजवळून उडत पडद्याकडे गेली. मी तिच्या मागे मान वळवली. ती गेली, पण सूर आला नाही. तार तुटलेल्या पट्टीवर बोट पडावं, तसं.

मी बसूनच राहिलो. याचा अर्थ सरळ आहे. इतकी वर्षं माणसं आवाज ऐकून टाळी मारतात. जे गातात ते मरतात, जे गात नाहीत ते जगतात. तेव्हा उरलेल्यांची पुढची पिढी मुकीच निघणार. मुके डास आले आहेत.

हिला सांगितलं तर ही माझा हात धरून त्यावरचा फोड बघत राहिली. आज मी झोपत नाही, म्हणाली, पण मी आग्रह केला. खोली पुन्हा तपासली, या वेळी डोळे उघडे ठेवून. ती पडद्यावरची सापडली नाही, खिडकीतून गेली असेल. मग म्हटलं, स्वच्छ. तेव्हा आली आणि आडवी झाली. माझा शब्द हिनं कधी खाली पडू दिलेला नाही.

५ ऑगस्ट

तिन्हीसांजेला धुराची गाडी गेली. पांढरा लोंढा फाटकातून आत आला आणि अंगण बुडालं. ही दारं-खिडक्या लावायला धावली, मी मात्र पायरीवर उभा राहिलो. क्षणभर घर नव्हतं, झाड नव्हतं, माझे स्वतःचे पायही नव्हते. मेल्यावर असंच असेल तर भ्यायचं काही कारण नाही असं वाटून गेलं. मग हिनं दंडाला धरून आत ओढलं. मघापासून हाका मारत होते म्हणाली. एवढ्या धुरात हाक कुठून पोचणार?

९ ऑगस्ट

सिद्ध झालं.

मी फवारणीवालीला माझा शोध सांगितला होता. मुलगी चांगली आहे, हसली नाही. पकडून आणते म्हणाली आणि आज खरंच घेऊन आली. काचेची नळी, तोंडाला जाळीचं कापड बांधलेलं, आत तीन-चार पट्टेरी माद्या. नळी तिनं आधी स्वतःच्या कानाला लावली आणि मग माझ्या.

मी डोळे मिटले. सगळं लक्ष कानात आणलं. कापड कानाच्या पाळीला टोचलं, बाकी काही नाही.

“बघ,” मी म्हटलं, “मुक्या.”

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं नळी हिच्याकडे दिली. हिनं कानाला लावली. किती तरी वेळ लावून उभी होती. माझ्यासारखा कान नाही, पण बिचारीनं मनापासून ऐकलं.

“काकू?” फवारणीवालीनं विचारलं.

“हो,” ही म्हणाली. “मुक्याच आहेत.”

फवारणीवाली काहीच बोलली नाही. एवढा मोठा शोध डोळ्यांसमोर लागल्यावर माणूस काय बोलणार? नळी पिशवीत ठेवली, कुंड्यांखालच्या बशा पुन्हा एकदा पाहिल्या, आणि निघताना हिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या दोघींची इतकी ओळख कधी झाली कळलं नाही. वरच्या कार्यालयात कळवशील ना, असं मी विचारलं. तिनं मान हलवली.

१० ऑगस्ट

स्वप्नात सभागृहाचा मोठा पियानो उघडला तर आत तारा नव्हत्या, डास होते, ओळीनं बसलेले. पट्टी दाबली की एकेक उठायचा आणि उजेडात जाऊन नाहीसा व्हायचा. ऐकणारे टाळ्या वाजवत होते, त्याही मुक्या. इतकं सुंदर स्वप्न मला बऱ्याच वर्षांत पडलं नव्हतं.

१६ ऑगस्ट

हिचं अंग कढत आहे. डोळ्यांमागे दुखतं म्हणते.

१७ ऑगस्ट

तोच ताप. डॉक्टरांनी तासाभरात दाखल करून घेतलं. रिक्षात बसताना ही मला म्हणत होती की तुमच्या पायांना तेल लावून घ्या, बाटली संपली असेल तर नवी आणा. तापात काहीही बोलतं माणूस.

खोली मी रोज तपासत होतो. रोज. हे कसं झालं?

१९ ऑगस्ट

आज काय झालं ते आधी लिहून टाकतो, मग लिहवणार नाही.

दवाखान्यात सकाळी हिच्या खाटेशी बसलो होतो. ही जाळीखाली, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले. रक्तातल्या पेशी उतरल्या आहेत, आता नसेतून पाणी किती जातं यावर सगळं आहे, असं डॉक्टर सांगून गेले होते. खाटेशेजारी ते पाणी मोजून सोडणारं यंत्र. लाल दिवा उघडमीट करत होता. मी त्या दिव्याकडे पाहत होतो. त्या लयीत मला जवळजवळ डुलकी लागत होती.

तेवढ्यात परिचारिका व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून धावत आली. मला बाजूला ढकलून तिनं नळी सरळ केली, बटणं दाबली, हिची नाडी पाहिली. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाली. मी ‘काय?’ म्हटलं. ती माझ्या तोंडाशी तोंड आणून ओरडली:

“कधीपासून बोंबलतंय हे यंत्र! पार तिकडे ऐकू आलं. तुम्ही इथे बसून काय करत होतात?”

मी यंत्राकडे पाहिलं. मग खोलीतल्या बाकीच्या खाटांकडे. सगळे माझ्याचकडे बघत होते. कोपऱ्यातल्या एका म्हातारीनं अजून कानांवर हात धरलेले होते.

तिच्या त्या हातांकडे पाहताना मला सगळं कळलं.

२० ऑगस्ट

डॉक्टरांनी माझ्या पाठीमागे उभं राहून काही आवाज केले म्हणे. केले असतील. खालचे आवाज अजून आहेत, मधले पुसट झालेत, वरचे जवळजवळ गेलेत. गेल्या वर्षीच्या तापानं असेल किंवा वयानं असेल, खात्रीनं सांगता येत नाही. कानाला यंत्र लावलं तर माणसांचं बोलणं ऐकू येईल. मी विचारलं, आणि पियानो? त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

हिचा ताप उतरला आहे, आणि ताप उतरल्यावरचे दोन दिवसच सगळ्यात धोक्याचे म्हणे. हे असलं उलटं दुखणं.

मागची सगळी पानं वाचून काढली. घामोळं. अत्तर. कांदा. शाळेतल्या बाईंचे कान. एवढा शहाणा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. हसू आलं आणि मग वही बंद करून न्हाणीघरात जाऊन रडलो. दार लावून रडलो, तरी आवाज बाहेर किती गेला असेल याचा आता अंदाज नाही.

एक गोष्ट मात्र गिळवत नाही. हिला ठाऊक होतं. नळी कानाला लावून हिनं माझ्यादेखत खोटं सांगितलं. मला ऐकू येत नाही हे माहीत असताना, माझ्या ‘स्वच्छ’वर विसंबून, रोज त्या खोलीत जाऊन पडली. आता तिथे जाळीखाली आहे, आणि मला तिचा रागही येतोय. असा राग कुणावर करतात का? पण येतोय.

२३ ऑगस्ट

पेशी वाढायला लागल्या. डॉक्टर सकाळी पहिल्यांदा हसले. मला त्यांचं बोलणं ऐकायची गरजच पडली नाही.

दुपारी ही पूर्ण शुद्धीवर होती. काहीतरी बोलली, पण जाळीतून ओठ नीट दिसेनात. मी इकडेतिकडे पाहिलं, परिचारिका नव्हती, तेव्हा जाळीची कड उचलली आणि डोकं आत घातलं. आतली हवा कोंदट आणि ऊन होती. हिला या जाळीत काय होतं ते मला त्या वेळी पहिल्यांदा कळलं.

मी विचारलं, कधीपासून माहीत होतं? तर हिवाळ्यापासून. कुकरची शिट्टी होत होती आणि मी समोर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, तेव्हापासून. लेकीला माहीत होतं. सभागृहाचा निरोप हिनंच तिकडे धाडला होता, तिकडून आला नव्हता. मी खोलीतून बाहेर पडल्यावर ही दार लावून दिसतील तेवढे डास मारायची, मग झोपायची. डास पळवायचं ते तेल दोघांना पुरायचं नाही, तेव्हा आधी माझे पाय. ताप तुम्हालाही होऊन गेलाय की, म्हणाली, तुम्ही स्वतःला कधी मोजलंच नाहीत. ते खरं होतं. माझ्या डोक्यातही ते आलं नव्हतं.

मग मी मनातलं विचारलं. मला सांगितलं का नाहीस? तिथे जाऊन पडलीस का?

हिनं सुकलेले ओठ ओले केले. मला वाचता यावं म्हणून सावकाश बोलली:

“तापातून मी उठले असते. पण ऐकू येत नाही म्हटलं असतं, तर त्यातून तुम्ही उठला नसतात.”

तिचा हात धरून तसाच जाळीत डोकं घालून ओणवा उभा राहिलो. परिचारिका आली आणि रागावली असावी, कारण जाळी मागून ओढली जात होती.

३० ऑगस्ट

हिला घरी आणलं. चालताना भिंत धरते. शाळेतल्या बाईंकडे जाऊन आलो. पट्ट्या चढल्या होत्या, तुमचा कान बरोबर होता, असं सांगितलं. त्या काही म्हणाल्या, ते कळलं नाही, पण चहा मात्र दिला. हत्यारांची पेटी त्यांच्याकडेच ठेवून आलो. जो कुणी पुढे पियानो जुळवायला येईल त्याला द्या म्हटलं. येताना हात फार हलका लागत होता.

४ सप्टेंबर

मोठी मच्छरदाणी आणली. छताला कड्या ठोकून इतकी उंच टांगली आहे की आत उभं राहता येतं. ती टांगताना फवारणीवालीनं स्टूल धरलं. मुक्या डासांबद्दल मी तिची माफी मागितली. तिनं जवळ येऊन मोठ्यानं सांगितलं की काकूंनी तिला आधीच गळ घातली होती, म्हणून ती गप्प राहिली, आणि त्या दिवशी घरी जाऊन जेवली नाही.

दुपारी आम्ही दोघं आत शिरलो. हिनं आधी श्वास धरून ठेवला, मग सोडला. उंच असल्यामुळे चालतंय म्हणाली. पांढऱ्या जाळीतून पडदा, कपाट, दार सगळं विरघळल्यासारखं दिसत होतं, कुणाच्यातरी दुसऱ्याच्या घरासारखं. मला झोप येऊ लागली होती.

तेवढ्यात हिनं दंडाला टोचलं आणि बोट वर केलं. जाळीबाहेर एक होती. ऐकायचं काम आता हिच्याकडे आहे.

मी विचारलं, कुठल्या सुरात गातेय?

ही लाजली. जन्मात हिनं गाणं म्हटलेलं नाही. कुणी आग्रह केला की पाणी आणायला उठते. पण आज जाळीबाहेर जायची सोय नव्हती. थोडा वेळ वर बघत ऐकत राहिली, मग ओठ मिटून हळूच तो सूर धरला. मी तिच्या गळ्यावर बोटं टेकवली. कातडीखाली बारीक थरथर होती, एकसारखी, आणि ती माझ्या बोटांतून मनगटापर्यंत येत होती. आवाज आहे एवढं कळत होतं. तो कुठला, ते माझ्या कानाला धरता येईना.

श्वास संपला तशी थांबली आणि माझ्या तोंडाकडे पाहू लागली. बरोबर आहे का, असं तिनं विचारलं.

मी म्हटलं, अगदी बरोबर.